गबऱ्याला लावलेलं औषध

आई, आमच्या घरात कुत्री आहे, हे तुला आधीच सांगून टाकते. तुला जाऊन अकरा वर्षं झाली, त्यातली शेवटची चार वर्षं ती आमच्याकडं आहे. अहमदपूरला माझ्या शाळेच्या मागं सापडलेली, साधी गावठी, मातकट रंगाची. तुझ्या नातीनं तिचं नाव भुरी ठेवलं. गबऱ्या गेल्यावर तू पुन्हा कधी दारात कुत्रं उभं राहू दिलं नाहीस. शिळी भाकरीसुद्धा रस्त्यापलीकडं नेऊन ठेवायचीस. म्हणून हे सांगताना अजून चोरट्यासारखं वाटतं.

मागच्या पावसाळ्यात भुरीला खाज सुटली. आधी नुसते पाय चाटायची. मग बोटांच्या बेचक्यातली कातडी लाल झाली, पोटाखालचे केस गेले, कानांना आंबूस वास यायला लागला. मी वर्गात शिकवत असले तरी तिचं खाजवणं मला ऐकू यायचं. एक दिवस ह्यांनी सरळ विचारलं, "हे माणसाला लागलं तर? पोरगी तिला मांडीवर घेऊन बसते." शेजारच्या काकू म्हणाल्या, गाडीचं जळकं ऑइल लावा. मी म्हटलं, असलं काही मी करणार नाही. शिकलेली ना मी. मी कपाटातली माझी गजकर्णाची ट्यूब काढली आणि तिच्या चारी पायांना चोळली. भुरीनं ती थोड्या वेळात चाटून साफ केली आणि दुपारी उलट्या सुरू झाल्या. लेक शाळेतून आली, तिनं ओट्यावरची ट्यूब बघितली. "आई, तू तिला काय लावलंस?" एवढंच म्हणाली, आवाजही चढवला नाही. पण मला एकदम भोकरजवळचं आपलं क्वार्टर दिसलं.

मी बारा वर्षांची आहे. तू उपकेंद्रात नर्स आहेस आणि अख्खं गाव तुला सिस्टरबाई म्हणतं. गबऱ्या तसा कुणाचाच नाही, पण तू लसी घेऊन निघालीस की तुझ्यामागं वेशीपर्यंत येतो. त्याच्या पाठीवरचे केस झडलेत, कातडी जाड, राखाडी झालीय. पाण्याला आलेल्या बाया म्हणतात, "बाई, हाकला याला, लेकरायला खरूज लागंल." तू म्हणतेस, "त्याला बी जीव हाय. खाजवून खाजवून डोळा लागत न्हाई त्याचा." माणसांच्या खरजेवरचं ते पांढरं औषध तू गावातल्या कितीतरी पोरांना लावलेलं. तेच तू एका वाटीत ओततेस, स्वयंपाकघराच्या पायरीवर बसतेस आणि कापसाच्या बोळ्यानं गबऱ्याच्या अंगभर लावतेस. तो मान खाली घालून निमूट उभा राहतो. कितीतरी दिवसांत कुणी त्याला हात लावलेला नव्हता. त्या दिवशी त्यानं सगळं अंग चाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पायरीपाशी आडवा पडला होता आणि त्याला झटके येत होते.

तू त्याला पोत्यात गुंडाळलंस आणि ड्युटी टाकून जीपनं भोकरच्या गुरांच्या दवाखान्यात नेलंस. मी सोबत होते. तिथं पाच-सहा जण बैल, शेळ्या घेऊन उभे होते, त्यातले निम्मे तुला ओळखणारे. डॉक्टरांनी विचारलं, "अंगाला काही लावलं होतं का?" तू म्हणालीस, "मी लावलं. माणसाचं खरजेचं औषध. मी नर्स आहे, मला कळायला पाहिजे होतं." सगळ्यांनी वळून बघितलं. डॉक्टरांनी सुई दिली, सलाइन लावलं, पण दुपारी गबऱ्या गेला. परतताना जीपमध्ये मी म्हणाले, "तू मारलंस त्याला." तू बाहेर बघत राहिलीस. घरी आल्यावर पिठलं टाकलंस, मला वाढलंस, आणि स्वतः न जेवता ती वाटी राखेनं घासत बसलीस. स्वच्छ झाली तरी घासत होतीस.

उलट्या थांबेनात म्हणून ह्यांनी गाडी काढली आणि आम्ही भुरीला लातूरला नेलं. तिथल्या डॉक्टर बाईंनी मला तोच प्रश्न विचारला, "घरी काही लावलंत का?" मी म्हणाले, "नाही." आई, तिथं वळून बघणारं कुणी नव्हतं. हे गाडी लावायला गेले होते, आत आम्ही मायलेकीच होतो. तरी तोंडातून 'नाही'च निघालं. लेक माझ्याकडं बघत राहिली. बाई भुरीच्या पोटावर हात ठेवून कारण शोधत होत्या, रक्त काढायची तयारी करत होत्या. तेव्हा मी निघताना पर्समध्ये टाकलेली ट्यूब काढून टेबलावर ठेवली. त्या रागावल्या नाहीत. "कुत्रं चाटणारच ना," म्हणाल्या. "माणसाची औषधं यांना चालतीलच असं नाही. सांगितलंत ते बरं केलंत." दोन दिवसांत भुरीचं पोट जाग्यावर आलं.

मग खाजेचा शोध सुरू झाला. बाईंनी ब्लेडनं तिची कातडी थोडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. खरजेचे किडे नव्हते. गोचीड-पिसवांचं औषध दिलं, कानात घालायला थेंब दिले, आणि खाण्यातलं काही बाधतंय का हे कळायला आठ आठवडे फक्त बकऱ्याचं मटण आणि उकडलेला बटाटा. चिकन, दूध, पोळी, बिस्किट सगळं बंद. दुसऱ्याच आठवड्यात ह्यांनी तिला लपून बिस्किट दिलं आणि लेकीनं पकडलं. तिनं दोन दिवस अबोला धरला आणि आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजले. शेवटी कान सुधारले. नंतर चिकन देऊन बघितलं तर परत लाल झाले, म्हणजे चिकन कायमचं सुटलं. पायांची खाज मात्र थोडी राहिलीच. बाई म्हणाल्या, "गवताची, धुळीचीही ॲलर्जी दिसते. ही मुळातून जात नाही, सांभाळत राहायची. आणि पोरीला मांडीवर घेऊ द्या, ही माणसाला लागत नाही." आमच्या कॉलनीभर गाजरगवत माजलंय. म्हणून फिरून आलं की टबमध्ये तिचे पाय धुवायचे, बोटांची बेचकी पंच्यानं कोरडी करायची. आठवड्यातून एकदा औषधी शाम्पू, तो दहा मिनिटं अंगावर ठेवावा लागतो, तेवढा वेळ लेक तिला पाढे म्हणून दाखवते. फारच वाढलं तर बाईंना विचारून गोळी. काही आठवडे बरे जातात, काही वाईट. पण भुरी झोपते आता, पाय ताणून, घोरते सुद्धा.

एकदा तपासणीला गेले तेव्हा मी बाईंना गबऱ्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्या काळी खेड्यात त्यांना हे कोण सांगणार होतं? इतकी खराब कातडी असलेल्या कुत्र्याला कोण हात लावतं?" परतीच्या वाटेवर मला वाटलं, हे तुला कळवायला पाहिजे. लिहायला बसले तेव्हाही हेच मनात होतं.

पण आई, खरं असं आहे की मला हे बाईंकडून कळलं नाही. बी.एड.ला होते तेव्हाच कळलं होतं की तुझा दोष नव्हता, तुझ्याइतकं त्याच्यासाठी कुणीच केलं नव्हतं. ते मी तुला सांगायला हवं होतं. पण आपलं काही वाजलं, नोकरीवरून असो की लग्नावरून, की मी गबऱ्याचं नाव काढायचे आणि तू लगेच गप्प व्हायचीस. मला ते सोयीचं होतं. म्हणून नाही सांगितलं.