चौथ्या पातळीवरचे तास

सोमवार, ३ मार्च

लागली एकदाची नोकरी! नऊ वर्षांनी पुन्हा ऑफिसात पाऊल टाकलं आणि चक्क खिडकीजवळचं टेबल मिळालं. कंपनी पुलांचे आराखडे करते. कुणी कुठल्या कामावर किती तास घालवले त्याचा रिपोर्ट दर शुक्रवारी काढायचा, एवढंच माझं काम. कॉम्प्युटरवर कामांची उतरंड आहे. वर ‘पूल’, त्याखाली ‘खांब’, त्याखाली ‘पाया’. तास नेहमी सगळ्यात खालच्या ओळीत भरायचे, बेरीज आपोआप वर चढते.

हे सगळं मावशींनी शिकवलं. त्या इथे बावीस वर्षं आहेत, सगळेच त्यांना मावशी म्हणतात. घरी कोण कोण, तेही त्यांनी आपुलकीने विचारलं. म्हटलं, मी आणि माझी मोठी बहीण, ती घरीच पडदे शिवते. माझा फॉर्मही त्यांनीच भरून टाकला. बाई मोठ्या प्रेमळ.

ताईने संध्याकाळी शिरा केला नाही, पण चेहरा गोड केला. तिचं म्हणणं, आता तरी माझी किरकिर दिवसातले आठ तास दुसरं कुणी ऐकेल.

शुक्रवार, ७ मार्च

पहिला रिपोर्ट, आणि पहिल्याच घासाला खडा. ‘कार्यालय’ या वरच्या ओळीत खालच्या सगळ्या ओळींपेक्षा सहा तास चाळीस मिनिटं जास्त. तीनदा बेरीज केली. साहेबांकडे गेले तर त्यांनी मान वर न करता सांगितलं, रिपोर्टात तीनच पातळ्या दाखवायच्या, त्याखाली जायचं नाही, आहे तसा पाठवा.

माझ्या आधी हे काम कोण करायचं, असं जेवताना सहज विचारलं. सगळ्यांचे डबे एकदम फार रुचकर झाले असावेत. मावशी म्हणाल्या, होती एक. नाव काही त्यांना आठवेना.

मंगळवार, ११ मार्च

काल चहाचा कप हातात घेतला, पाहते तर त्यावर साय. आज त्याहून विचित्र. बसमध्ये चढल्याचं आठवतं. नंतर एकदम मी घराच्या दारात, हातात किल्ली. मधला रस्ता डोक्यातून पुसलेला. ताई म्हणते, सवय नाही, दमतेस. असेलही.

बुधवार, १२ मार्च

जेवणाच्या सुट्टीत ऑफिस रिकामं होतं. रिपोर्टात सगळ्या पातळ्या उघडल्या.

‘कार्यालय’खाली ‘माणसं’. त्याखाली मावशींचं नाव. त्यांच्या खाली, चौथ्या पातळीवर, दोन ओळी. एकीत नावाची जागा कोरी: चाळीस तासांपैकी चाळीस, काम पूर्ण. दुसरीत माझं नाव: चाळीसपैकी तेरा तास दहा मिनिटं. खाली नोंदी. ‘चहा, पंचवीस मिनिटं.’ ‘बस, पस्तीस मिनिटं.’ नोंद कुणी केली, तो रकाना मोकळा.

कुणीतरी माझ्यावर पाळत ठेवतंय. साहेबच असणार. दुपारभर त्यांच्या काचेच्या दाराकडे पाहत बसले. ते नुसते जांभया देत होते.

गुरुवार, १३ मार्च

आज दर पाव तासाने कागदावर खूण केली. सव्वा अकरापासून साडेबारापर्यंत कागद कोरा. त्या वेळात मी काय केलं, कुठे होते, काहीच सांगता येत नाही. स्क्रीनवर नोंद होती: सव्वा अकरा ते साडेबारा.

ही पाळत नाही. हे तास माझ्यातून काढून घेतले जातायत.

शुक्रवार, १४ मार्च

मावशींना बेसिनपाशी गाठलं. त्या दचकल्यासुद्धा नाहीत. रुमालाला हात पुसत सांगू लागल्या. तास सगळ्यात खालच्या माणसाच्या नावावर पडतात. कधीकाळी त्या स्वतः तळाला होत्या. मग त्यांनी आपल्याखाली एकीचं नाव घातलं. ती संपली, मग दुसरीचं. साहेबांना माहीत आहे, त्यांना फक्त वरची बेरीज लागते.

चाळीस भरले की काय होतं, मी विचारलं.

“तिचं नाव आठवतंय का मला? मग?” म्हणाल्या, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. ‘तुझंही बघते काहीतरी,’ असं पुटपुटल्या.

सोमवार, १७ मार्च

दोन दिवस घराबाहेर पडले नाही. तरी आज एकतीस तास पाच मिनिटं. म्हणजे नोकरी सोडूनही उपयोग नाही.

बुधवार, १९ मार्च

दोन दिवसांत एक मिनिटही गेलं नाही! कागदावर सगळ्या खुणा आहेत. आकडा एकतीस-पाचवरच. पोटभर जेवले. मावशी माझ्याकडे बघून हसल्या.

का हसल्या?

गुरुवार, २० मार्च

घरात धूर. गॅसवर दूध जळून कोळसा. ताई मशीनवर बसलेली, सुई तिच्या बोटात नखातून आरपार. रक्त वाळलेलं. ती म्हणाली, आत्ताच तर बसले गं, काठ घ्यायला.

सकाळी दहाला बसली होती.

शुक्रवार, २१ मार्च

पाचवी पातळी. माझ्या नावाखाली ताई. आठ तास वीस मिनिटं.

मावशी म्हणतात, तुझं भलंच केलं, फॉर्मात होतं तेच नाव घातलं. बहीण नको असेल तर दुसरं कुणाचं घाल, नवीन रखवालदार आलाय, त्याचं घाल. — तोही कुणाच्या घरचा असेलच ना. मी नाही घालणार.

दुपारी ३.०५

माझी ओळ मला काढता येत नाही, फक्त वरच्यालाच येते. ताईची ओळ काढायला गेले. स्क्रीन विचारतो — ही ओळ काढल्यास तिचे तास वरच्या ओळीत जमा होतील. चालेल?

एकतीस-पाच आणि आठ-वीस. एकोणचाळीस पंचवीस. थांबले तर तिचे वाढतील, मग बेरीज चाळीसच्या पार —

‘चालेल’ दाबलं.

३.१०

पाचवी पातळी गेली. माझ्याखाली कुणी नाही. पस्तीस मिनिटं उरली. मावशी उठून उभ्या राहिल्यात, काचेपलीकडे साहेबही. कुणी जवळ येत नाही.

३.२२? — मधलं कुठे गेलं —

ताईला फोन लावलाय. एका हाताने लिहिते. बोट दुखतंय म्हणाली, दुखतंय म्हणजे ती आहे, पूर्ण आहे. काही सांगितलं नाही तिला. नुसतं बोल म्हटलं. मशीन चालू आहे, ऐकू येतंय. रागावतेय, कामाच्या वेळी काय फोन —

३.३ —

अजून बोलतेय. म्हणते येताना पांढरा दोरा आण, दोन रिळं, आणि मागच्यासारखा कच्चा नको, चांगला बघून —