घरकुलाची पाहणी आणि बनाबाईचा पंखा

निरवांगी, ता. इंदापूर
बुधवार, दुपार

सौ. मनिषावन्सं यांस,

तुमच्या भावजयीचा, सारजाचा, नमस्कार. भाऊजींचा गुडघा कसा आहे? जळोचीला तुमच्या चहूबाजूंनी इमारती उठल्यात म्हणे. खोलीत ऊन येतं का अजून? मी बरी आहे. (तुमचे भाऊ गेल्यापासून या प्रश्नाला एवढंच उत्तर ठरवून ठेवलं आहे, म्हणजे विचारणाऱ्याचाही खोळंबा होत नाही.) फोन केला तर माझं ऐकायच्या आधीच तुम्ही रडायला लागता आणि मग मलाच तुमची समजूत काढावी लागते, म्हणून हे पत्र. मागायचं काही नाही, फक्त हकिकत कळवते.

आपल्या घराची मागची भिंत वर्षभर ओढ्याकडे कलते आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. पंचायतीने यंदा घरकुलाच्या यादीत माझं नाव घेतलं. ते मिळालं तर भिंत पडायच्या आत मी पक्क्या छपराखाली जाईन, नाही तर भिंतीची आणि माझी शर्यत आहे. तालुक्याचे साहेब मोबाईलवर घराचा फोटो काढायला येणार, असं फळ्यावर लिहिलेलं मीच वाचलं. (वाचता यायला लागल्यापासून मी फळा सोडत नाही. पाणीपट्टीची थकबाकीसुद्धा वाचते, कुणाकुणाची आहे तेवढ्यासाठी.)

आता परकं माणूस घर बघायला येणार म्हटल्यावर आपण काय करतो? मी सारवलं, चुना दिला, दाराला तोरण लावलं. छपरावरची फाटकी ताडपत्री काढून गोठ्यामागे टाकली. भिंतीची भेग दिसू नये म्हणून तिच्यावर तुमच्या भावांचं नवं घोंगडं टांगलं. शेजारच्या बनाबाईने आपला टेबलफॅन आणून ठेवला, राजेश्वरीने प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या, आणि समोरच्या लखनने तर टीव्हीच उचलून आणला. (तो बंद पडलेला आहे, पण बंद टीव्ही फोटोत बंद असल्यासारखाच दिसतो, त्यात खोटं काही नाही.) साहेब आले, पोहे खाल्ले, चहूकडे बघून म्हणाले, "आजी, आमच्या क्वार्टरपेक्षा तुमचं घर बरं आहे." मी फुलून गेले. म्हटलं, "व्हय साहेब, आमच्या मालकांनी हातानं बांधलंय. लई मजबूत हाय." साहेबांनी ते लिहून घेतलं आणि माझं नाव यादीतून उडालं.

ग्रामसेवक भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला. माणूस भला, जरा घाबरट. ते आणि आपली सरपंच उत्कर्षा (तुमच्या शाळेतल्या मैत्रिणीची मुलगी, कामाला वाघीण आहे) यांनी ग्रामसभेत विषय घेतला. माझं घर राहण्यालायक नाही हे गावाने सांगायचं, असं ठरलं. वन्सं, लोक असे तुटून पडले! बनाबाई उठली आणि म्हणाली, "पाऊस गावात थांबतो, हिच्या घरात न्हाय थांबत." लखन म्हणाला, भिंतीला टेकून विडी ओढायची भीती वाटते. सगळी माझ्याच भल्यासाठी बोलत होती, पण मला काही ऐकवेना. मी उभी राहिले. "तुमच्या घराला काय सोनं लागलंय काय गं? माझ्या मालकांच्या हातचं हाय ते, तोंड सांभाळून बोला!" उत्कर्षा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काकू, हात जोडते, गप बसा. आमी तुमचंच काम करतोय."

ठराव मात्र झाला. दुसऱ्यांदा पाहणी होईपर्यंत मी घर झाडायचंही नाही, असा भाऊसाहेबांचा हुकूम होता. असा लाजिरवाणा आठवडा मी आयुष्यात काढला नाही. कुणी आलं की मी ओट्यावरूनच बोळवत होते. तरी पाहणीच्या दिवशी सकाळी हात राहिला नाही, उंबऱ्यापाशी चार ठिपक्यांची रांगोळी काढलीच. भाऊसाहेबांनी ती पाहिली. फोटोच्या वेळी फक्त म्हणाले, "मावशी, जरा पुढं सरून उभ्या ऱ्हावा." माझ्या पातळाआड रांगोळी झाकली गेली.

तर घरकुल मंजूर झालं. जागा तीच, त्यामुळे जुनं पाडून नव्याचा पाया घ्यायचा. सूरज मिस्त्री पहार घेऊन तीनदा आला. एकदा मी अमावस्या सांगितली, एकदा कोंबडी अंड्यांवर बसली आहे म्हटलं, एकदा नुसताच चहा पाजला. भाऊसाहेब रोज सायकल थांबवून विचारतात. महिनाअखेर पायाचा फोटो गेला नाही तर मंजुरी रद्द होईल म्हणतात. मी म्हणते, बघू. घाई कसली?

तुमच्या नातीला, संस्कृतीला, आशीर्वाद. भाऊजींना नमस्कार.

तुमची,
सारजा

ता. क. घाई आहे. काल रात्री मागच्या भिंतीचं एक ढेकूळ माझ्या अंथरुणाशेजारी पडलं.

ता. क. दुसरा. मागायचं काही नाही असं वर लिहिलं, ते खरं नाही. त्या भिंती रचल्या तेव्हा चिखलाचे गोळे करून तुमच्या भावांच्या हातात तुम्ही देत होता, मी तर नंतर लग्न होऊन आले. तुमचं माहेर पाडायला दुसऱ्या कुणाला मी सांगू शकत नाही, आणि माझा हात उठत नाही. रविवारी या. एक रात्र दोघी आत झोपू, पुढच्या भिंतीकडेला. सोमवारी पहिली पहार तुम्ही मारा, दुसरी मी मारते, पुढचं सूरज बघेल. येताना एखादं जुनं पातळ आणा, माती फार उडेल.