मखमलीची लव

१८ ऑगस्ट

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. भाऊजींचा गुडघा कसा आहे ते विचारायचंय, पण आधी बातमी ऐक. नाट्यगृहाच्या सगळ्या खुर्च्या नव्या मखमलीत सजून काल जागेवर बसल्या! पडदा उघडायच्या आधी लोक खुर्च्यांवरून हात फिरवत होते आणि मी मागे उभी राहून फुगत होते. कधी न हसणारे मॅनेजरसुद्धा म्हणाले, "बाई, झकास!"

दुकान टाकून वर्षही झालेलं नाही. खुर्च्या-सोफ्यांना कापड चढवणाऱ्या नवख्या बाईला एवढं मोठं काम कोण देतं? म्हणून तर हावरटासारखं घेतलं.

ताई, मागे फोनवर मी आवाज बसलाय म्हणाले होते ना, तो बसला नव्हता. मी रडत होते.

मखमलीला लव असते. एका बाजूने पाहिलं तर उजळ, उलट बाजूने काळपट. म्हणून सगळे तुकडे एकाच दिशेने कापायचे, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मी सुट्टी घेत नव्हते, जेवण मशीनवरच उरकत होते. डोळे तारवटलेले. त्या तंद्रीत निम्मं कापड उलटं कापलं. खुर्च्या रांगेत मांडल्यावर कळलं. एक लाल, एक काळपट, परत एक लाल. माझ्याबरोबर शिवणाऱ्या मावशी म्हणाल्या, "बुद्धिबळाचा पट छान झालाय." मी त्यांच्यावर खेकसले आणि खाली बसून भोकाड पसरलं. उठवेचना. दुकान बंद करून टाकावं असं अगदी मनापासून वाटलं गं.

शेजारचा न्हावी गिऱ्हाईकाच्या तोंडाला फेस तसाच ठेवून धावत आला. सगळं ऐकून म्हणाला, "आजपासून दुकान बंद केलं की किल्ली माझ्याकडे. सकाळी मी उघडेन तेव्हाच मिळेल. सोमवारी मी बंद, म्हणजे तुम्हीही बंद."

"हा काय पोरखेळ?"

"पोरखेळच. करून तर बघा."

पहिल्याच सोमवारी मी त्याच्या घराच्या दारात हजर. एक तासासाठी किल्ली मागितली. "दाढी करायचीय?" नाही म्हटलं. "मग घरी जा." आतून त्याच्या बायकोचं हसू ऐकू आलं. मी पाय आपटत परत आले आणि दुपारभर घोरले.

मग मॅनेजरना सांगावंच लागलं की कापड मी नवं आणते, पण मुदत वाढवून द्या, आणि सोमवारी काम होणार नाही. ते तडकले. "काम दुसरीकडे देतो!" पण माझ्या तोंडून निघालं, "द्या. दमलेल्या हातांनी कापलेल्या खुर्च्या कशा दिसतात ते मात्र आधी बघून जा." आले. एका लाल आणि एका काळपट खुर्चीवरून हात फिरवून पाहिला. जाताना एवढंच म्हणाले, "सोमवारी झोपा."

कात्रीला मी कुणाला हात लावू देत नसे, तुला माहीत आहे. ती मावशींना दिली. त्या प्रत्येक तुकड्यावर खडूने बाण काढतात आणि मगच कापतात. नव्या कापडाचा एकही तुकडा वाया गेला नाही.

खरं सांगू? कष्टांना मी भीत नव्हते. मी हात काढला की सगळं कोसळेल, याची धास्ती होती. आत्ता भर दुपार आहे, दुकान उघडं आहे, एका डॉक्टरांच्या सोफ्याला कापड चढतंय, आणि मी घरी पाय पसरून तुला लिहितेय. अजून कुणी बोलवायला आलेलं नाही. आधी जरा रागच आला. मग इतका आनंद झाला की चहा करून घेतला आणि तो गरम असताना प्याले.

तुझी,
दुकान जोरात चालू असताना रिकामी बसलेली,
धाकटी