ड्रॅगन झोपलाय, हळू बोला

प्रिय भोंगाबाई,

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी तुला हे नाव ठेवलं आणि तू दिवसभर गाल फुगवून बसली होतीस. आज लिहायला बसलो तर हात आपोआप त्याच नावावर गेला. मग वाटलं, खोडावं का? बराच वेळ पेन हातात धरून बसलो. शेवटी राहू दिलं. दुसरं कुठलं नाव तुला शोभत नाही, आणि बायकोसाठी नवं नाव शोधायचं माझं वयही राहिलं नाही.

दुकान उघडलंय, पण गिऱ्हाईक नाही. धुकं असं उतरलंय की समोरच्या घड्याळवाल्याची पाटीसुद्धा दिसत नाही. रस्त्यावरून कोणी गेलं तर आधी पावलं ऐकू येतात, मग माणूस उगवतो, आणि दाराशी येईपर्यंत पुन्हा विरघळून जातो. बोटी उशिरा सुटतायत. धक्क्यावर अजून तुझीच जुनी सूचनांची रेकॉर्ड लावतात. प्रवाशांनी घाई करू नये, दोरीच्या मागे उभं राहावं, मुलांचा हात सोडू नये. अशा सकाळी तो आवाज नेमका कुठून येतो ते कळत नाही. कधी पाण्यावरून, कधी छपरांवरून, कधी थेट आपल्या स्वयंपाकघरातून आल्यासारखा वाटतो. मी हातातलं काम ठेवतो आणि ऐकत बसतो. भिंगरी मात्र ऐकत नाही. परवा तिला शाळेत सोडताना मी म्हटलं, ऐक, आई बोलतेय. तर माझ्याकडे न बघता म्हणाली, “ती आई नाही. ती नुसती रेकॉर्ड आहे.” आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकली.

तर बातमी अशी की येत्या रविवारी बाईसाहेब सहा वर्षांच्या होतायत आणि वाढदिवस ड्रॅगनचा करायचा आहे. ड्रॅगनचा म्हणजे ड्रॅगनच्या चित्रांचा नव्हे, खराखुरा. धक्क्याखाली ड्रॅगन राहतो आणि धुकं म्हणजे त्याचा श्वास, असं तूच कधीतरी तिला झोपवताना सांगितलं होतंस म्हणे. तू सांगितलंस, तू मोकळी झालीस. आता मी महिनाभर तो ड्रॅगन बनवतोय. लोकांनी परत न नेलेल्या छत्र्या माळ्यावर पडल्या होत्या, त्या सगळ्या उतरवल्या. काळ्या कापडाचे पंख झाले. काड्या तशाच ठेवल्या, त्यामुळे पंख उघडतात आणि मिटतात. पाठीवरचे काटे म्हणजे छत्र्यांच्या मुठी. एका मुठीवर बदकाचं तोंड होतं. ते मी कापून टाकणार होतो, पण भिंगरीनं कापू दिलं नाही. त्यामुळे आपल्या ड्रॅगनच्या मानेवर एक बदक बसलेलं आहे. शेपूट तेवढी टिकत नाही. रोज शिवतो, रोज गळून पडते. आयुष्यभर लोकांच्या छत्र्या शिवल्या, पण या शेपटीनं नाकात दम आणलाय.

पुढच्या खोलीतलं टेबल बाहेर काढलं की तो दारापासून खिडकीपर्यंत मावतो. संध्याकाळी दिवा न लावता मी त्याच्याजवळ बसतो. खिडकीतून वारा आला की पंख जरासे हलतात, आणि त्या अंधुक उजेडात काळं कापड श्वास घेतंय असं वाटतं. हसू नकोस. एवढं मोठं काहीतरी घरात झोपलेलं असलं की घर रिकामं वाटत नाही.

हो, तो झोपलेला आहे. ही भिंगरीची पहिली अट. दुसरी अट जास्त अवघड. ड्रॅगन झोपलाय म्हणून वाढदिवसाला आलेल्या प्रत्येकानं कुजबुजायचं. मोठ्यानं बोलणाऱ्याला केक नाही. फुगे नाहीत, कारण फुगे फुटतात. टाळ्या दोन बोटांनी वाजवायच्या. मी समजावून पाहिलं. म्हटलं, अगं, लहान मुलांचा वाढदिवस आहे, वाचनालय नाही. तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली, अगदी तुझी नजर, की मी मुकाट्यानं सुई-दोरा उचलला.

वरच्या मजल्यावरचे ट्रम्पेटवाले काका आठवतात ना, ज्यांच्या रियाजावरून तू जिन्यात उभी राहून भांडायचीस? आणि भांडणात नेहमी तूच जिंकायचीस, कारण ट्रम्पेटपेक्षा तुझा आवाज मोठा होता. त्यांना बोलावणं करायला भिंगरी स्वतः गेली. वाद्य आणा, पण आवाज आणू नका, असं सांगून आली. मला वाटलं, म्हातारा चिडणार. तर तो हट्टालाच पेटला. हल्ली वरून काही ऐकूच येत नाही म्हणून मी काळजीनं बघायला गेलो, तर हा माणूस ट्रम्पेटच्या तोंडात मोजे कोंबून वाजवत बसलेला. नुसती हवा येत होती, आणि त्या हवेत कुठेतरी खोल, लांब, एक सूर होता. मी दारातच उभा राहून ऐकलं. बाहेर पडलो तेव्हा जिन्यात धुकं शिरलं होतं आणि तो सूर माझ्याबरोबर खाली येतोय असं वाटत होतं. काका म्हणाले, “इतकी वर्षं वाजवतोय, पण इतकं लक्ष देऊन कधी वाजवलं नव्हतं.”

मुलांची तालीमही झाली. भिंगरीच्या वर्गातल्या पोरांना आपल्या खोलीत गोल बसवलं आणि वाढदिवसाचं गाणं कुजबुजत म्हणायला लावलं. आधी कुकरची वाफ सुटल्यासारखं वाटलं आणि सगळे खो खो हसत सुटले. मग हळूहळू जमलं. तू ऐकायला हवं होतंस. मोठ्यानं म्हणताना पोरं एकमेकांकडे बघत नाहीत, नुसती ओरडतात. कुजबुजताना त्यांना एकमेकांच्या जवळ सरकावं लागतं, समोरच्याच्या ओठांकडे बघावं लागतं. थोड्या वेळानं सगळी पोरं त्या ड्रॅगनच्या पोटाशी डोकी टेकवून बसली होती, आणि खोलीत पाणी वाहिल्यासारखा नुसता आवाज होता.

मी तोपर्यंत याला तिचा खेळच समजत होतो. पोरीचं डोकं आहे, आज ड्रॅगन, उद्या आणखी काही. मग परवा संध्याकाळी ड्रॅगनचं तोंड करायला घेतलं. मी लाल-पिवळा कागद आणला होता, जाळ करायला. जाळाशिवाय कसला ड्रॅगन? तिनं तो कागद बाजूला सरकवला. म्हणाली, जाळ नको. मी विचारलं, विझलाय का त्याचा? तिनं मान हलवली. “विझला नाही. आत आहे. बाहेर येत नाही एवढंच.”

माझी सुई तिथेच थांबली. कापड नीट करत मी शक्य तितक्या सहज विचारलं, की त्या दिवशी फोनवर आई तुझ्याशी बोलली तेव्हा तू उठून का गेलीस?

तो दिवस तू विसरली नसणार. घशाचं ऑपरेशन होऊन बरेच आठवडे झाले होते, तू पलीकडच्या काठावर तुझ्या बहिणीकडे होतीस, ताईंनी तुझ्यासमोर फोन धरला होता, आणि तू पहिल्यांदाच तिला तिच्या नावानं हाक मारलीस. हाक कसली, नुसती हवा. भिंगरी पडद्यावर तुझ्याकडे टक लावून बघत राहिली, मग खुर्चीवरून खाली उतरली आणि पळून गेली. तुझा चेहरा मी पाहिला होता. त्यानंतर तू फोनवर आलीच नाहीस. ताईच फोन घ्यायच्या, सांगायच्या की ती झोपलीये, तिला विश्रांती हवीये. लेक आपल्या आवाजाला घाबरली, असंच तू धरून बसलीस. खरं सांगू? मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून मी तुला फार आग्रह केला नाही आणि तिलाही कधी विचारलं नाही.

ती घाबरली नव्हती गं. ती टेबलाखाली जाऊन बसली होती आणि तुझ्यासारखं बोलून बघत होती. जमत नव्हतं तिला. मध्येच खरा आवाज फुटायचा. मग तिनं रोज सराव केला, अंघोळ करताना, बाहुलीशी, भिंतीकडे तोंड करून. आता छान जमतं म्हणाली, आणि मला करून दाखवलं. तुझ्याइतकंच हळू, तुझ्यासारखंच शब्दाच्या शेवटी थोडं थांबून. मग मला म्हणाली, “आईचा आवाज आत गेलाय ना? ती आली आणि सगळे मोठ्यानं बोलले तर ती एकटी पडेल. म्हणून सगळ्यांनीच आत बोलायचं.” एवढं सांगून ती शेपटीचा गळालेला तुकडा शोधायला गेली, आणि मी ड्रॅगनचा जबडा मांडीवर घेऊन तसाच बसून राहिलो. मला काही शिवता येईना. टाका कुठे घालायचा तेच दिसत नव्हतं.

आता हे पत्र का लिहितोय ते सांगतो. काल मी ताईंना फोन केला, तुला भिंगरीचं हे सगळं सांगा म्हणून. तेव्हा त्यांच्याच्यानं राहवेना. तुझा आवाज परत येणार नाही, हे डॉक्टरांनी तुला केव्हाच सांगितलंय, हे मला काल कळलं. तू विश्रांती घेत नव्हतीस. जो येणार नाही त्याची वाट बघत पलीकडच्या काठावर बसली होतीस. हे एकटीनं पोटात ठेवलंस म्हणून मला राग नाही. फक्त इतके दिवस ते ओझं उचलायला मी शेजारी नव्हतो, याचं वाईट वाटतं. धक्क्यावरचं काम, पुढचं सगळं, आपण नंतर बघू. पण इथे आम्ही कुणीही जुन्या आवाजाची वाट बघत नाही. भिंगरीनं तर नवा आवाज शिकूनही घेतलाय, आणि तो बोलायला तिला घरात दुसरं माणूस हवंय. ताई तुला शनिवारच्या सकाळच्या बोटीत बसवून देतील. नाही म्हणावंसं वाटलं तर आधी हे पत्र पुन्हा एकदा वाच. त्या सकाळी धुकं असलं तरी आम्ही दोघं धक्क्यावर अगदी दोरीला टेकून उभे असू. बोटीवरून हाक मारायच्या भानगडीत पडू नकोस. नुसता हात वर कर. आम्ही बघतच असू.

दारात ठेवलेल्या तुझ्या चपलांवरची धूळ रोज पुसणारा,
तुझाच
छत्रीवाला