एकशेवीस-ऐंशी

॥ श्री ॥
दि. ३ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

पत्ता पुन्हा बदललाय. पाकिटावर बघ आणि जुना खोडून टाक. माझ्या नावापुढे जागा उरली नसेल तर ताईच्या नावापुढे लिही. ती जन्मभर तुझ्याच पत्त्यावर आहे, तिला जागा लागतेच कुठे?

इथलं हॉस्पिटल टेकडीवर आहे. काम तीन महिन्यांचं, एका नर्सच्या बाळंतपणाच्या रजेत. वॉर्ड हाडांचा. खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या बायका, आणि ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी त्यांना उठवून चालवायचं काम माझ्याकडे. इथली भाषा मला मोडकीतोडकीच येते, पण ‘उठा’, ‘हळू’, ‘शाब्बास’ आणि ‘गोळी जिभेखाली लपवू नका’ एवढ्यावर वॉर्ड चालतो. एक आजी शिक्षिका होत्या. रोज सकाळी आधी माझे उच्चार सुधारतात, मगच पाय जमिनीला लावतात.

खोली बरी आहे. दोन खिडक्या, त्यातली एक रंगाने चिकटून बसलीय. बॅग अजून पूर्ण उघडली नाही. ती पलंगाशेजारी उभी केलीय आणि तिच्यावर चहाचा कप ठेवते. सुट्टीच्या दिवशी बोटीने समोरच्या बेटावर गेले होते. तुला दाखवावी अशी जागा आहे. पण उतरल्या उतरल्या मी परतीची बोट कधी आहे ते विचारलं, तेव्हा तिकीटवाला हसायलाच लागला. हल्ली असंच होतंय. बर्फाच्या डोंगरावर गेले तेव्हाही तसंच झालं होतं. पोचले की तिथून पुढचं दिसायला लागतं.

आता कामाचं. एजन्सीने नवा करार पुढे केलाय, आणखी उत्तरेच्या एका देशातला. या वेळी सलग दोन वर्षं, मध्ये सुट्टी नाही. मार्चअखेर हो किंवा नाही कळवायचंय. तिथे उन्हाळ्यात रात्रच होत नाही म्हणे. एक दिवस हो म्हणावंसं वाटतं, दुसऱ्या दिवशी नको वाटतं.

तुझं बीपी कळव. मागच्या वर्षी दिलेल्या मशिनवर सकाळी चहाच्या आधी मोजायचं, हात टेबलावर ठेवून, आणि मोजताना ताईवर ओरडायचं नाही. ताईलाही दोन ओळी लिही म्हणावं, पेन झिजणार नाही तिचं.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस, ही विनंती.

तुझी,
भिंगरी


॥ श्री ॥
दि. २० फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्ता लिहून घेतला, पेन्सिलीने. तुझा पत्ता शाईने लिहायचं मी केव्हाच सोडलंय.

इकडे सगळं ठीक. सध्या शाळेच्या बँडचे कोट शिवायला आलेत, सोनेरी बटणांचे. मुलांचं काही नाही, पण बँडमास्तरांनी जीव काढलाय. माप घेताना श्वास रोखून पोट आत घेतात आणि कोट तयार झाला की बटण लागत नाही म्हणून माझ्यावर गुरगुरतात. दोनदा उसवला. आता तिसऱ्यांदा मी त्यांना आधी बोलण्यात गुंतवणार आहे आणि मग टेप लावणार आहे.

बीपी एकशेवीस-ऐंशी. ताई बरी आहे, कामात असते, लिहीन म्हणते. खालचा औषधवाला तुझी आठवण काढतो आणि बाहेरून येताना गळा दुखण्यावरचं काही चांगलं आण म्हणतो. स्वतःच्या दुकानावर त्याचा विश्वास नाही.

उत्तरेला जायचं तर जा. पण तिथे रात्र होत नसेल तर झोपायचं कधी, ते आधी विचारून घे.

जेवणाची हेळसांड करू नकोस. आमच्यावर जीव आहे तसा स्वतःवरही थोडा असू दे.

तुझी आई


॥ श्री ॥
दि. ९ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

रागात लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

तुझी वर्षभराची पत्रं बॅगेतून काढून पलंगावर मांडली. सगळ्यांत एकशेवीस-ऐंशी. थंडीत तेच, उन्हाळ्यात तेच. आई, माणूस जिना चढला तरी बीपी बदलतं, शेजारीण आवडत नसली तरी बदलतं. मागच्या हॉस्पिटलात एका नव्या मुलीच्या तक्त्यावर दिवसभर एकच नाडी लिहिलेली दिसली. मी काही न विचारता ओळखलं की ही खुर्चीवरून उठलेलीच नाही. पेशंटला जाऊन हात लावला, तर अंग तापाने भाजत होतं. तुझ्या पत्रांचंही तेच आहे. कुणीही काहीही मोजलेलं नाही.

आणि ताई कुठे आहे? औषधवाल्याकडे फोन केला, तू खाली आलीस, सगळं ठीक म्हणालीस आणि लाइन खराब आहे म्हणून ठेवून दिलास. लाइन चांगली खणखणीत होती. मी पुन्हा फोन लावून त्याला ताईला बोलवा म्हटलं, तर तो नुसता खोकत राहिला.

मला काय समजायचं ते समजलंय. तू आजारी आहेस, ताई तुझं करून करून थकलीय, आणि मला लांब म्हणून कळवत नाही आहात. मी इनचार्जला सांगून टाकलंय की नवा करार घेणार नाही. एप्रिलअखेर इथलं काम संपतं, संपलं की निघते. पलंग खिडकीशी हलवून ठेवा, म्हणजे मला दोन्ही बाजूंनी वावरता येईल. औषधं, पथ्य, सगळं मी आल्यावर बघते. ताईला म्हणावं, आता तू बस.

खरं सांगू? हे ठरवलं आणि कित्येक आठवड्यांनी मला शांत झोप लागली.

रागावले तरी तुझीच आहे, माया राहू दे.

भिंगरी


॥ श्री ॥
दि. २० मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पलंग आहे तिथेच राहील.

आता एकेक सांगते. ताई इथे नाही. गेलं वर्ष सरताना तिला दुसऱ्या गावी मुलींच्या वसतिगृहात रेक्टरची नोकरी लागली. अर्ज मीच करायला लावला होता. ती नको नको म्हणत होती, म्हणून तिची बॅग मी भरली आणि बसमध्ये बसवून आले. बाबांच्या दुखण्यापासून तिने या घराबाहेरचं काही बघितलं नव्हतं. आता तिथे पोरींना दटावते आणि संध्याकाळी बॅडमिंटन खेळते म्हणे, या वयात! तुला कळवायचं नाही, असं मीच तिला बजावलं होतं. कळवलं असतं तर पुढच्या विमानाने येऊन तू माझ्या घराचा वॉर्ड केला असतास.

मशिनचे सेल पहिल्या महिन्यातच संपले. एकशेवीस-ऐंशी चांगलं असतं असं तूच सांगितलं होतंस, म्हणून मी तेच लिहीत राहिले. गिऱ्हाईक वीस वर्षांचं जुनं असलं तरी नवं माप घेतल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही, आणि तुला मात्र एकच माप पाठवत होते. तुझं पत्र आल्यावर डॉक्टरांकडे गेले. एकशेअठ्ठेचाळीस-नव्वद निघालं. गोळी सुरू केलीय, मीठ कमी केलंय. औषधवाला सकाळी दुकान उघडताना हाक मारतो, मी वरून ओ देते. हे खरं आहे.

आणि हेही खरं आहे की मला एकटीला आवडतं. शिवणाचं मशीन ताईच्या खोलीत उजेडाला नेलंय. भूक लागली की जेवते, रेडिओ मोठ्याने लावते, कुणी कमी कर म्हणत नाही. साठी उलटल्यावर पहिल्यांदा घर माझं झालंय.

राहता राहिलीस तू. तुझ्या पत्रातली एक ओळ माझ्या मनातून जाईना. मी आजारी आहे असं ठरवलंस आणि तुला झोप लागली! अगं, असं कसं? मग आठवून बघितलं. परदेशी गेल्यापासून तू घरी आलीस ती बाबांच्या दुखण्यात, मग ताईच्या अपेंडिक्सला, मग माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला. दारात आलीस की आधी नाडी धरतेस आणि नंतर ओळख देतेस. सगळे धडधाकट असताना तू या घरात एकदाही नुसती चहा प्यायला बसलेली नाहीस.

तुला यायचं असेल तर ये. पण त्यासाठी मला आजारी पाडू नकोस.

राग मानू नकोस. मानलास तरी लिहीत राहा.

तुझी आई


दि. ३० मार्च

आई,

मायना वगैरे लिहायचं आज सुचत नाही.

तुझं पत्र वाचून आधी संतापले. वाटलं, ही मला येऊ नको म्हणतेय. ताईला बसमध्ये बसवलं, आता मला दारातून परत पाठवतेय. दिवसभर वॉर्डात मी सगळ्यांशी तुसडेपणाने वागले. शिक्षिका आजींनी माझा एकही उच्चार सुधारला नाही, उलट माझा हात धरून दाराकडे बोट दाखवलं, बाहेर जाऊन ये म्हणून.

तशीच एजन्सीत गेले. करार नको म्हटलं. तिथल्या कारकुनाने कारण विचारलं. घरी कोण आजारी आहे, म्हणाला. मी म्हटलं, कुणी नाही. दुसरीकडे नोकरी मिळाली का? नाही. लग्न ठरलं का? तेही नाही. तो पेन हातात धरून थांबला. शेवटी मी म्हटलं, मला घरी जायचंय. एवढं बोलताना माझा आवाज फाटला. तो बिचारा घाबरून उठला आणि त्याने मला पाणी आणून दिलं. आई, इतकी वर्षं लोकांना मी पाणी देतेय गं.

मी तुझी काळजी घ्यायला येत नाहीये. कुणीतरी माझी घ्यावी असं मला वाटतंय. ड्यूटीवरून आल्यावर कुणीतरी जेवलीस का विचारावं, मी नाही म्हटलं की रागवावं. पस्तिशी उलटलेल्या बाईने हे लिहायचं म्हणजे लाज वाटते, पण लिहिलंय.

भीती एकच आहे. तुझ्याकडे येईन आणि आठवड्याभरात पुन्हा तेच होईल, परतीची बोट कधी आहे ते विचारत सुटेन. बेटावरून निघता येतं, डोंगरावरून निघता येतं. घरीही पाय ठरले नाहीत, तर मग मी कुठे जायचं?

शिवणाचं मशीन हलवू नकोस. मी कुठेही झोपेन. नको असेन तर स्पष्ट लिही.

भिंगरी


॥ श्री ॥
दि. ११ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र परवा आलं. माझं तुला निघायच्या आत मिळावं म्हणून औषधवाल्याला दुकान बंद करायला लावून पोस्टात पिटाळतेय, तेव्हा थोडक्यात लिहिते.

ये. मशीन हलवणार नाही, त्याच्या शेजारी तुझी गादी घालीन. ताईने रजा टाकलीय, दोन दिवस येऊन जाईल. तुला बॅडमिंटन शिकवणार आहे म्हणे.

मुलगी येतेय असं गिऱ्हाइकांना सांगितलं, तर प्रत्येकीने मला निरखून बघितलं आणि विचारलं, बरं नाहीये का तुम्हाला? बँडमास्तरांनी तर खुर्चीच पुढे केली. मी म्हटलं, मला काही धाड भरलेली नाही, तिला घरी यावंसं वाटलं म्हणून येतेय. तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

आलीस की आधी जेव आणि मग हवी तेवढी झोप. किती दिवस राहणार, पुढे कुठे जाणार, हे मी विचारणार नाही. तू मला घाबरत घाबरत विचारलंयस, घरीही पाय ठरले नाहीत तर कुठे जायचं. कुठेही जा, आणि वाटलं की पुन्हा ये, त्याला कारण लागत नाही. निघशील तेव्हा मी रडेन, तेवढं चालवून घे. पण तुला अडवायला मी आजारी पडणार नाही.

वाट बघतेय.

तुझी आई