पंचक लागायच्या आत

चि. जयकुमार यास आशीर्वाद.

हे पत्र टपालात टाकणार नाही, म्हणूनच लिहवतंय.

कर्ज काढून तू कुंभकोणमला हे घर घेतलंस, पुढचा भाग भाड्याने दिलास, मागच्या खोलीत मला ठेवलंस. परवा भाडेकरू सुंदरेशच्या आईने पाणीही सोडलं, तर तुझा चेन्नईहून फोन, "आई, उद्या पंचक लागतंय. म्हातारी त्यात घरातच वारली, तर सहा महिने घर बंद ठेवावं लागेल. बँकेचा हप्ता कोण भरणार? त्यांना आजच काढ."

मी काढलं. सुंदरेश आईला रिक्षात घालून साक्कोट्टैला बहिणीकडे निघाला. म्हातारीने माझा हात धरून ठेवला होता. तो मीच सोडवला. ती वाटेतच गेली.

संध्याकाळी तू विचारलंस, "घरात नाही ना गेली?" मी "नाही" म्हटलं. "सुटलो," म्हणालास.

कालपासून माझ्या छातीत दुखतंय. तुला सांगितलेलं नाही. आधी पंचांग काढून हे पंचक कधी सुटतंय ते बघितलं. सुंदरेशला साक्कोट्टैला बहीण तरी होती. माझी रिक्षा तू कुठे न्यायला सांगशील रे?

तुझ्या मागच्या खोलीतली,
आई