मधूनं न दाखवलेली सात मिनिटं

३ जाने., शनिवार
मधूचा रिपोर्ट आला. घशातली गाठ कॅन्सरचीच. नगरच्या डॉक्टरनं कागदावर घशाचं चित्र काढून दाखवलं. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागणार, मानेला भोक, श्वास तिथून. बोलणं कायमचं बंद. ऑपरेशन १९ ला.
एसटीत आष्टीपर्यंत गप्प होता. हा माणूस गप्प! मग एकदम, "मास्तर, सोळा दिवसांत किती पिक्चर हुतील?"
मी म्हणालो, कसले पिक्चर?
"आपले. व्हिडिओ सेंटरचे."

४ जाने., रविवार
चर्चहून आल्यावर बायकोला, रूथला सांगितलं. ती पोळ्या लाटायची थांबली. "अरे देवा, त्या माणसाचा आवाज गेला तर राहिलं काय त्याचं?"
खरं आहे. आमच्या तरुणपणी बाजारतळाच्या मागं पत्र्याचं व्हिडिओ सेंटर होतं. कॅसेटी इंग्रजी, भुताच्या नाहीतर अंतराळाच्या. इंग्रजी कुणाच्या बापाला येत नव्हतं. मधू तिथं ऑपरेटर. टीव्हीचा आवाज बंद करायचा, शेजारी स्टुलावर बसायचा आणि अख्खा पिक्चर मराठीत सांगायचा. नववी नापास. जे दिसेल त्यावरून ठोकून द्यायचा. जामखेडच्या निम्म्या लोकांना अजून ते पिक्चर तसेच माहीत आहेत.
लेकीला पुण्याला फोन केला. नावं कुणाला माहीत! "एक म्हातारी भिंतीतून बाहेर येते तो", असं सांगावं लागलं. शोधते म्हणाली.

७ जाने., बुधवार
लेकीनं पेनड्राइव्ह पाठवला. तीन सापडले. दुपारी मधूकडे भिंतीतली म्हातारी लावली. आता हिंदीत आवाज आहे. म्हातारीचा म्हणे कुणी विष घालून खून केलेला. पाच मिनिटांत मधू वैतागला. "बंद कर आवाज. ह्यांना काय कळतंय?"
मग स्वतः सुरू झाला. घोगरा, मधेच फाटणारा आवाज, पण तोच. "ही म्हातारी म्हणती, दीरानं मला भिंतीत चिणलं आन् सातबाऱ्यावरचं नाव काढलं. माझं नाव लावा, मग मी न्हाई तरास देत." भिंतीतून हात येतो तिथं, "तलाठी कुठं हाय? त्याला बोलवा!"
मी हसून हसून पोट धरलं. कमलवहिनी दारातून म्हणाल्या, "भाऊजी, नका ओ त्यांना बोलू देऊ इतकं." मग स्वतःच, "बोलू द्या. आता न्हाई तर कवा बोलत्याल." पदर तोंडाला लावून आत गेल्या.

१० जाने., शनिवार
आज माझी चूक झाली. मोबाईल गुपचूप रेकॉर्डिंगला लावून उशीजवळ ठेवला होता. मधूच्या लक्षात आलं. भडकला. "पुण्यानुमोदनाला लावायचंय का? मी मेलो का अजून?"
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चपला घालायला लागलो. त्यानं मोबाईल ओढून घेतला, कसं करायचं विचारलं, तोंडापाशी धरला आणि म्हणाला, "अगं ए, चहा टाक."
बास. तेवढंच स्वतःच्या फोनवर पाठवून घेतलं.
"ह्याच्यापेक्षा जास्त मला लागत न्हाई, मास्तर."
आतून वहिनी ओरडल्या, "टाकलाय!"

१३ जाने., मंगळवार
दगडी राक्षसाचा पिक्चर. त्या राक्षसाला मधू पहिल्यापासून सरपंच म्हणतो. अर्ध्यावर आवाज बसला. पाणी, मध, ज्येष्ठमध, सगळं झालं. नुसता वारा. उरलेला पिक्चर दोघांनी मुक्यानं पाहिला. घरी येताना फार वाईट वाटलं. रूथनं तिळगूळ वळायला घेतलाय, मला एक लाडू दिला, तो हातातच राहिला.

१६ जाने., शुक्रवार
काय लिहू.
आज शेवटचा. अंतराळाचा. सहा माणसं लांबच्या कुठल्यातरी ग्रहावर अडकलेली, परत यायच्या गाडीत जागा पाचच. त्यातला म्हातारा मेकॅनिक, मधूचा बबनराव, सगळ्यांना बसवतो आणि बाहेर राहतो. दार लागतं. सेंटरला दरवेळी इथंच व्हीसीआरचं हेड खराब व्हायचं. पडद्यावर मुंग्या. मधू कॅसेट काढायचा आणि पुढचं तोंडी सांगायचा : "मागनं दुसरी गाडी आली. बबनराव खिडकीला बसला. घरी आला, आंघूळ केली, भाकरी खाल्ली."
आज दार लागलं. मधू म्हणाला, "मास्तर, बंद कर. हेड खराब झालंय."
मी म्हणालो, "येड्या, पेनड्राइव्हला कसलं हेड?" आणि हसत चालू ठेवला.
सात मिनिटं उरली होती. दुसरी गाडी येतच नाही. बबनराव एका दगडाला टेकून बसतो. हेल्मेटच्या काचेवर धूळ साचत जाते. चेहरा दिसेनासा होतो. संपलं.
मी मधूकडे पाहिलं. तो भिंतीकडे पाहत होता.

सेंटरला हा पिक्चर आला त्या उन्हाळ्यात दानी गेला होता. माझा थोरला भाऊ. बोअर पाडायच्या गाडीवर मेकॅनिक. कर्नाटकात कुठंतरी गाडी उलटली. तिकडंच पुरलं, आम्हाला कळेपर्यंत आठवडा झालेला. आईनं माती पण पाहिली नाही. त्यानंतर मी रोज व्हिडिओ सेंटरला जाऊन बसायचो, घरी बसवत नव्हतं. आणि बबनराव घरी आला की मला बरं वाटायचं. आज साठी उलटली, तरी तो घरी आलेला आहे असंच मी धरून चाललो होतो.

१७ जाने., शनिवार
रात्रभर रागानं झोप नाही. कसला राग, तेही कळेना. सकाळीच गेलो.
"किती वेळा बंद केलास?"
"तू यायचास तेवढ्या येळा."
"लोक काही म्हणत नव्हते?"
"म्हणत न्हवते? एकानं खुर्ची फेकली. मालकानं हेड साफ करायला दोनदा नगरहून मानूस आनला. त्यो म्हणायचा, मशीन तर ठणठणीत हाय."
"मला सांगायचंस की कधीतरी."
मधूनं घसा चोळला. "काय सांगू? तू बबनराव आल्यावर भजी खायचास. दोन म्हैने कायबी खात न्हवतास, त्या दिवशी भजी खाल्लीस. मग मी कशाला पुढचं दाखवू?"
मी रडलो. सरळ ढसाढसा रडलो, निवृत्त मुख्याध्यापक. मधू म्हणाला, "गप, कमलला वाटंल माझाच निकाल लागला."

१८ जाने., रविवार
नगरला भरती केलं. मी लिफ्टपर्यंत. काहीतरी मोठं बोलेल असं वाटत होतं. आयुष्यभर बडबड केली, आज काहीतरी राखून ठेवलं असेल. तर म्हणतो, "माझी चप्पल सांभाळ, नवी हाय." मग लिफ्टचं दार लागता लागता, "येतो रे."

१९ जाने., सोमवार
सहा तास. झालं. डॉ. म्हणाले मानेतल्या गाठीही काढल्यात, तपासायला पाठवल्या. त्यांच्यात पसरलं असेल तर पुढचं अवघड. वहिनींना एवढंच सांगितलं की गाठी काढल्या.
चप्पल माझ्या पिशवीत आहे.

३ फेब्रु., मंगळवार
मधू घरी. वाळलाय. मानेच्या भोकावर जाळी, त्यातून श्वासाची शिट्टी. शाळेतली जुनी पाटी-पेन्सिल नेऊन दिली. पहिलं लिहिलं : "मास्तर, छडी आणली का?"
दुपारी उशाचा फोन घेतला, दाबला.
"अगं ए, चहा टाक."
आतून वहिनी, "टाकते ओ!" भांडं वाजलं. मग ते थांबलं. वहिनी दारात आल्या, हातात साखरेचा डबा. मधूकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. तिथंच उंबऱ्यावर बसल्या. मधूचं तोंड हुंदक्याचं, पण आवाज नाही, नुसती मानेतली शिट्टी. मला बघवेना. मी उठून चहा टाकला, तो उतू गेला.

८ फेब्रु., रविवार
गाठींचा रिपोर्ट उद्या मिळणार. मी आणणार आहे. पसरलेलं असू शकतं हे वहिनींना आता माहीत आहे, मधूला तर पहिल्यापासून. त्यानं मला बोलावून घेतलं, पाटीवर "बबनराव" लिहिलं होतं.
लावला. आवाज बंद. त्यानं बोट माझ्याकडे केलं. सांग.
मला कुठलं जमतंय. चाळीस वर्षं वर्गात ओरडलो, पण असं नाही येत. "हा आता, म्हणजे, दार उघडतो आहे." मधूनं कपाळाला हात लावला. वहिनी हसल्या, किती दिवसांनी. हळूहळू जमलं. बबनरावानं पाचांना बसवलं. दार लागलं.
मधूनं रिमोट उचलला आणि बंद केला. माझ्याकडे बघत राहिला. त्याला शेवट माहीत होता, मलाही माहीत होता.
मी म्हणालो, "मागून दुसरी गाडी आली."
त्यानं पाटी ओढली. "खोटारडा." खाली अजून लिहिलं, "मोठ्यानं सांग, मागच्यांना ऐकू येईना."
मागं एकट्या वहिनी होत्या, भिंतीला टेकून.
मी मोठ्यानं सांगितलं. गाडी आली. ड्रायव्हर ओळखीचाच निघाला. बबनराव खिडकीला बसला. नगर सुटलं, कडा गेलं, आष्टी गेली, आता जामखेडच राहिलं. तिथवर सांगितलं आणि पुढचं 'घरी आला' काही माझ्या तोंडून निघेना. मधू वाट बघत होता. बऱ्याच वेळानं त्याचा डोळा लागला.
पुढचं उद्या येऊन सांगतो असं वहिनींना म्हणालो. सकाळी सहाची एसटी.